दीड महिन्याची भाची

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या खानदानातील एका पुरुषाने आयुष्याचा पहिला दीड महिना स्त्री म्हणून काढला. हे लिहिल्यास तो माझ्याशी बोलणार नाही, असं त्याने कळवलं आहे. बघू किती दिवस.

सत्तरच्या दशकातल्या कापूसवेचणीचे दिवस. मी नऊ वर्षांची. ताई पहिल्या बाळंतपणाला आसेगावला आमच्याकडे आली होती आणि सातव्याच महिन्यात तिला जुळं झालं. एक मुलगा, एक मुलगी. दोघं माझ्या दोन तळहातांत मावतील एवढी. आईने त्यांना पिंजलेल्या कापसात गुंडाळून टोपलीत ठेवलं. खोलीभर कापसाचे तंतू तरंगायचे, कवडशात आले की उजळायचे, सावलीत गेले की नाहीसे व्हायचे. मी टोपलीशी बसून राही. वाटे, ही दोघं अजून पुरती आलेलीच नाहीत. वाटेत कुठं तरी थांबून मागे वळून बघताहेत.

मुलाला धाप लागे, म्हणून एकट्या त्यालाच मंगरूळपीरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"हृदयाजवळची एक वाट जन्मल्यावर मिटते. याची उघडी आहे, म्हणून आवाज येतो. मिटली तर आपोआप मिटेल. इतक्या लवकर आलेल्यांत पोरं कच्ची निघतात, पोरी तग धरतात, असं मी तरी पाहिलंय. दीड महिन्याने आणा."

ताई बसमध्ये मुकाट रडली. आईने मात्र घरी येताच शिवणाची पेटी उघडली.

"पोरी तग धरतात म्हन्ते ना डाक्तर? मंग याले पोरगीच करू."

"फ्राक घालून का वाट मिटते व आई?" ताई म्हणाली.

"यम काय लंगोट सोडून पाह्यते?"

त्या दिवसापासून घरात 'पोरगा' हा शब्द बंद. टोपलीत दोन फ्रॉक, चार काळ्या बांगड्या. दुपारी सगळे झोपले की मी त्याच्या छातीला कान लावी. दूर, शेतांपलीकडे कुठं तरी यंत्र चालू असावं, तशी घरघर ऐकू येई. मग एका दुपारी ती ऐकूच आली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. आपलाच कान भरला असेल, असं वाटलं.

दीड महिन्याने दोन्ही फ्रॉक डॉक्टरांच्या टेबलावर. त्यांनी एकीला नळी लावली, मग दुसरीला.

"दोघी ठणठणीत. छाती अगदी साफ." मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, चष्मा काढला. "आणि... मुलगा?"

आईने ताईचा हात घट्ट दाबला. तो शब्द बोलायचा कसा? डॉक्टरांनी मान खाली घातली.

"फार वाईट झालं, बाई. आपल्या हातात..."

एवढ्यात एका फ्रॉकाखालून कमानदार धार उडाली. दीड महिना ओठांवर हसू न आलेली माझी ताई खदखदून हसली.

"गेला नाही डाक्तरसाहेब, तुमच्या सदऱ्यावर मुतून राह्यला ना तो."