गुणाबाईचं मागचं तोंड

मोहाचा हंगाम लागला की आमच्या पिपरटोल्यात सकाळी घरात माणूस सापडत नाही. सगळं गाव झाडाखाली. यंदा मात्र झाडाखाली आधीच कोणीतरी येऊन बसलं होतं. तलावापलीकडच्या पट्ट्यात वाघानं ठाण मांडलं होतं. होळीच्या आधी त्यानं एक कालवड नेली. होळीनंतर शेजारच्या गावचा एक माणूस. तो माणूस वाकून मोहाची फुलं वेचत होता आणि वाघ मागून आला.

मागून. त्या महिन्यात गावात सगळ्यात जास्त वापरला गेलेला शब्द हाच. लोक पानठेल्यावर उभं राहतानासुद्धा पाठ भिंतीला लावायला लागले.

आणि त्याच पट्ट्यात गुणाबाईची झाडं. सासऱ्याच्या काळापासून त्या झाडांखाली तिच्याच घरचं माणूस वेचतं, हे साऱ्या गावाला मान्य. गुणाबाईला कोणीही अडवून पाहावं.

“वाघ हाय तं हाय. त्याले का मोहा खायचा हाय?”

तिला अडवायचं काम जिच्या गळ्यात पडलं ती तिची सून, रंभावहिनी. तिचा नवरा दिनेशभाऊ सूरजागडच्या खाणीकडे ट्रकवर असतो, घरात या दोघीच. वहिनीचं ब्युटी पार्लर माझ्या मोबाइलच्या दुकानाला लागून. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे भुवया कोरल्या तरी इकडे मला शिंका येतात. त्यामुळे मी जे सांगतोय त्यातलं निम्मं भिंतीतून आलेलं आहे, उरलेलं वहिनीनं स्वतः सांगितलेलं.

नाव रंभा. आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलेलं. आणि ती गेल्या थंडीपासून ओठांना काळा रंग लावून फिरत होती.

त्याचं असं झालं. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी वडशाची नाटक कंपनी गावात आली. दुपारी मंडप बांधणं चाललेलं असताना ‘फक्त महिलांसाठी’ लिहिलेला पार्लरचा पडदा बाजूला सारून एक पुरुष आत शिरला. पांढराफटक चेहरा, डोळ्यांभोवती काजळाची तळी, काळे ओठ, काळी नखं, बोटागणिक अंगठी आणि पोटरीपर्यंत काळा कोट. थंडीत कोट ठीक आहे. हा माणूस म्हणे मे महिन्यातही तोच घालतो, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात माणसं अंगावरची कातडीसुद्धा काढून खुंटीला टांगायच्या विचारात असतात.

“बाई, काजळ हाय का? माहं सरलं.”

वहिनीनं आधी कात्री उचलली, मग काजळ. हा कंपनीचा ऑर्गन मास्तर, प्रफुल्ल. तो वळला तेव्हा तिला दिसलं की कोटाच्या पाठीवरही एक चेहरा रंगवलेला आहे. पांढरा, भले मोठे डोळे, तुम्ही हलाल तिकडे बघणारे.

“मास्तर, हे मागं कोण हाय?”

“मागं बी मीच. आमी वाजवणारे स्टेजच्या खाली बसतो ना, तोंड नाटकाकडे. पब्लिक रातभर माही पाठच पाह्यते. मंग पाठीले तोंड नोको का?”

“पण असं भुतावानी काऊन?”

“याले गॉथिक म्हणते, बाई. गोऱ्या तोंडाले लोक एकदा पाह्यते. याले पाह्यलं का नजर हालत नाई. माणूस जागीच थांबते.”

त्या शेवटच्या वाक्यावर वहिनीचं सगळं पुढचं आयुष्य फिरलं असं म्हणणार होतो, पण एवढं मोठं बोलायची मला सवय नाही. तिचं पार्लर फिरलं, एवढं नक्की. काजळात मेण वितळवून तिनं काळी लिपस्टिक केली. कोळसा खलून खोबरेल तेलात घोटला. तिच्या पापण्यांना रोज नवं संकट. एक दिवस डोळ्याखाली तिनं असे काळे ओघळ काढले की मी न राहवून विचारलं, “वहिनी, भाऊचा फोन आला होता का?”

सासूला मात्र हे थट्टेचं वाटत नव्हतं.

“काय म्हणते याले?”

“गॉथिक, आई.”

“गोठिक? गोठ्यातलं? मंग गोठ्यातच बस ना वो. ओठ पुस आधी, मंग माह्यासंग बोल.”

झालं. गावानं शब्द उचलला. ‘गोठ्याचा मेकअप’. पुढे एका नवरीच्या डोळ्यांवर वहिनीचा हात जरा जास्त चालला आणि मांडवात वराची मावशी किंचाळली. त्यानंतर नवऱ्या दुसऱ्या गावच्या पार्लरात जायला लागल्या. घरात सासू-सून बोलायच्या त्या भांड्यांमार्फत. भांडं जोरात आपटलं की सासू, हळू ठेवलं की सून.

तेवढ्यात वाघ आला, आणि वाघापाठोपाठ मुखवटे.

जंगलखात्याच्या माणसांनी गावात येऊन समजावलं. वाघ समोरून सहसा येत नाही, तोंड दिसलं की बिचकतो. म्हणून डोक्याच्या मागे मुखवटा बांधा. मुखवटे प्लास्टिकचे, गुलाबी गालांचे आणि प्रत्येकाला भरघोस मिशी. पुरुषांनी लगेच बांधले. बायकांनी हातात घेतले आणि एकमेकींकडे पाहिलं. गुणाबाईनं तर तिथंच परत केला.

“तुह्या सासऱ्याले जाऊन इतके वर्स झाले. आता या वयात हा मिशीवाला मागं लावून जंगलात फिरू?”

“आई, मुखोटा हाय तो.”

“परक्या माणसाचं तोंड पदराखाली बांधत नसते, रंभे. वाघानं खाल्लेलं पुरलं.”

बाकीच्या बायका हसल्या, पण एकीनंही बांधला नाही. वहिनी हसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ही बाई बिनतोंडाची त्या पट्ट्यात जाणार, हे तिला दिसत होतं. तिनं तो परत केलेला मुखवटा मागून घेतला आणि पार्लरचं दार लावलं. भिंतीतून खरवडण्याचा आवाज आला. मिशी जात होती. मग शांतता. ती बाहेर आली तेव्हा मुखवट्याची बाई झाली होती. पांढरी, काळ्या ओठांची, डोळे मास्तरच्या कोटावरच्यासारखे.

गुणाबाईनं तो उलटासुलटा करून पाहिला. “कपाय रिकामं हाय हिचं.”

वहिनीनं त्याला टिकली लावली. सासूनं मुखवटा बांधला. भांड्यांशिवाय आणि भांडणाशिवाय झालेलं त्यांचं ते पहिलं बोलणं.

पहाटे दोघी गेल्या. वहिनी राखणीला, हातात काठी आणि बडवायला रिकामा डबा. झाडाखाली पिवळा सडा. गुणाबाई उकिडवी बसली, मान खाली घातली, हात चालू झाला. आणि वहिनीची नजर मुखवट्यावर गेली. मान खाली गेली तसा मुखवटा वर झाला होता. त्याचे ते जबरदस्त डोळे सरळ आभाळाकडे बघत होते. चालताना कामाचा, वेचताना बिनकामाचा. आणि तो शेजारच्या गावचा माणूस वेचतानाच गेला होता.

“आई, चला घरी.”

“टोपली अर्धी हाय.”

“आई, मुखोटा वर पाहून राह्यला. वाघ का झाडावरून येते?”

“मंग तू मागून पाह्य. तुले कायले आणलं?”

त्या दिवशी वाघ आला नाही. वहिनी परतली ती मान अवघडून. सकाळभर तिनं मान एका जागी ठेवली नव्हती. दुपारी ती माझ्या दुकानात येऊन नुसती उभी राहिली. मी म्हटलं, “पाणी देऊ का?” ती म्हणाली, “मास्तर बसलेला असते ना गा?”

“कोणता मास्तर?”

“ऑर्गनवाला. बसलेला असते, वाकून वाजवते, तरी त्याचं तोंड मागं दिसते. डोक्याले नाई, पाठीले होतं ते!”

आमच्याकडे बाया कामाला जाताना लुगड्यावर घरच्या माणसाचा जुना शर्ट चढवतात, काटेकुटे लागू नयेत म्हणून. गुणाबाई दिनेशभाऊचा काळा शर्ट घालायची. वहिनीनं तो दोरीवरून ओढला. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट काढला, कोळशाचं काळं घोटलं. खांद्यापासून कमरेपर्यंत एकच चेहरा. डोळे ताटाएवढे.

सासू बघून म्हणाली, “लेकाच्या शर्टावर डाकीण काढली वो तू.”

“तुमचा लेक येईन तवा मी त्याले नवा घेऊन देईन. नवी सासू कुठून आणू?”

गुणाबाई चुलीकडे वळली. पहाटे शर्ट मात्र घातला. रंगाचा वास येत होता, म्हणून वाटभर नाक मुरडत चालली.

झाडाखाली पोचल्यावर पुन्हा तेच. उकिडवं बसणं, मान खाली. पण आता पाठ मागं बघत होती. वहिनी बाजूला, दोन झाडं सोडून. पक्षी ओरडत होते, आणि मग एकाएकी ओरडेनासे झाले.

सासूच्या मागच्या घाणेरीच्या झुडपातून वाघ अर्धा बाहेर आला होता. पोट जमिनीला टेकलेलं. वहिनीनं डबा बडवायला काठी उचलली, पण मारली नाही. ओरडावं, तर सासू दचकून उठणार, वळणार आणि पाठ फिरणार. वाघापुढे मग तो रंगवलेला चेहरा राहणार नाही, नुसती म्हातारी राहील.

तिनं शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, “आई, उठू नका. वळू नका. वेचत राहा.”

गुणाबाईचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

“हाय का?”

“हाय.”

“मागं?”

“हो.”

एक फूल टोपलीत पडलं. मग दुसरं. वहिनी सांगते, त्या फुलांचा आवाज तिला ऐकू येत होता.

“काय करून राह्यला?”

“तुमच्या तोंडाकडे पाहून राह्यला.”

“कोणत्या?”

“मागच्या.”

“त्याले म्हणा, पाह्य.” हात चालूच होता.

वाघाचं शेपूट एकदा हललं. त्यानं मान वाकडी केली, जशी लहान पोरं नवीन पाहुण्याकडे करतात. ताटाएवढे डोळे मिटत नव्हते. वाघ उभा राहिला. मग त्यानं एक पाय मागं घेतला, दुसरा घेतला, आणि घाणेरीची फांदी हलून थांबली.

गुणाबाईनं हातातली फुलं टोपलीत टाकली. मग वहिनीनं डबा असा बडवला की तलावाच्या अलीकडून माणसं धावत आली.

वाघ त्या डोळ्यांना बिचकला, की त्याचं पोट भरलेलं होतं, की ऑइलपेंटचा वास त्यालाही आवडला नाही, हे मला माहीत नाही. त्याला विचारायला कोणी गेलं नाही. पण दुपारी पार्लरसमोर बाया जुने शर्ट घेऊन उभ्या होत्या. धुरपताबाईला तर तिच्या सासूचंच तोंड काढून पाहिजे होतं. “वाघाचं काय घेऊन बसली वो, त्या तोंडाले माहा नवरा बी भिते.”

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी सासूसोबत निघाली, तिच्याही पाठीवर नवा चेहरा. ओठ मात्र तिनं पुसून घेतले होते. म्हातारीनं जिवावरचं सोसलंय, आता तिला अजून कशाला चिडवा. गुणाबाई उंबऱ्यात थांबली. सुनेच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिली.

“ओठ काऊन रिकामे ठेवले?”

“तुमीच तं म्हणत होत्या पुस म्हणून.”

“जा, लावून ये. अन् डोळे बी कर.” तिनं टोपली काखेत सावरली. “समोरून आला तं?”