सहा मोटांची कोळशाची खाण

दादाराव देशमुख गेल्याची बातमी मला त्यांच्याच कोळशाच्या गाडीवाल्याने आणली. अमरावतीत वाफेवर कापसाच्या गाठी बांधणारा जो प्रेस आहे, तिथे गाडी रिकामी करून तो काळ्या हातांनिशी आमच्या शाळेच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, मालक गेले." आदल्याच आठवड्यात दादाराव माझ्या ओसरीवर बसून, वांग्याच्या भाजीला नावं ठेवत तीन भाकरी खाऊन गेले होते... दीड महिना होत आला, तरी ओसरीवर कोणी खाकरलं की मी वर बघतो.

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना आणि आमच्या वऱ्हाडचा कापूस एकाएकी लाडका झाला. अमरावती-अकोल्याच्या बाजारात ज्याच्या त्याच्या अंगात आलं होतं. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी उगाच गावजेवणं घातली. दादारावांनी कोळसा काढायचं ठरवलं. त्यांच्या पत्नी गंगाबाई यांना माहेरहून वणीकडचं एक वावर आंदण मिळालं होतं. तिथल्या नाल्यात एका म्हाताऱ्या गुराख्याने तीन काळे दगड मांडून चूल केली, तर भाकरीच्या आधी दगडच पेटले! इकडे प्रेसला लाकूड पुरत नव्हतं. दादाराव मला म्हणाले, "मास्तर, कापूस तर सारेच पेरून राह्यले. आपन त्याच्या खालचं काढू." गंगाबाईंनी वावर दिलं, पण अट घातली. वावर पडीक पडता कामा नये, पडलं तर खड्डा बुजवायचा. भाऊबंद हसायला टपलेलेच होते. तरी दादारावांनी शब्द दिला.

खणायला माणसं आणली ती विहिरी खणणारी. खाण आमच्यापैकी पाहिली होती कोणी? पाच पुरुष खोलीवर कोळसा दिसला आणि दुसऱ्याच दिवशी झरा फुटला. पाणी लागलं म्हणजे काम फत्ते, म्हणून माणसं कुदळी टाकून वर आली. दादारावांनी स्वतः नारळ फोडला, गूळ वाटला, मुकादम कोंडबाला फेटा बांधला. मीही गुळाचे दोन खडे खाल्ले. परतीच्या वाटेवर मी हळूच विचारलं, आपण विहीर खणत होतो का? दादाराव असे हसत सुटले की गाडी थांबवावी लागली.

पण हसून भागणार नव्हतं. पाणी उपसून फेकायला सांगितलं तर कोंडबा हात जोडून उभा. म्हणाला, "मालक, लागलेलं पानी फेकाले आमाले सांगू नका." खड्ड्यातली माती वावरभर पसरली होती, ज्वारी गेली होती, आणि गंगाबाईंची अट समोर होती. त्या स्वतःच बैलांच्या दमणीत बसून आल्या. खड्ड्यात डोकावून त्यांनी एवढंच विचारलं की, फेकायचं नाही तर वावराला द्यायला काय हरकत आहे?

खड्ड्याच्या काठावर सहा मोटा बसल्या. पाणी खाली गेलं की माणसं खाली उतरत आणि कोळसा काढत. माती बाजूला सारली आणि मोटांच्या पाण्यावर वरती गहू, कांदे. कोंडबाही खूश. लांबलांबून लोक बघायला येत. ही युक्ती आपलीच, असं दादाराव ऐटीत सांगत, फक्त बायको जवळपास नसताना! पुढे लढाई संपली, भाव बसले, शिंगांवरची चांदी उतरली. खाण मात्र चालू राहिली.

बातमी कळल्यावर चौथ्या दिवशी मी तिथे पोचलो, तर मोटा गप्प. सुतकात काम नको म्हणून दादारावांच्या धाकट्या भावाने त्यांचे बैल सोडायला लावले होते. कोंडबाने मला बाजूला घेतलं. कोळसा पाण्याखाली गेला होता, आणि तेराव्यापर्यंत असंच राहिलं तर बाजू ढासळून सगळंच बुजणार होतं. वावराच्या कडेला बांधलेल्या घरात जाऊन गंगाबाईंना हे सांगायची कोणाची छाती नव्हती. माझीही नव्हती, पण सांगितलं. गंगाबाई उठल्या आणि बाहेर आल्या. दीर पुढे होऊन म्हणाले, "वयनी, लोक काय म्हनतीन?"

"वावर माहं हाये, भाऊजी," त्या म्हणाल्या. "सुतक मानसाले असते, पान्याले नाही. मोटा जुंपा."

तीन दिवस त्या खाणीच्या काठावर बसून होत्या. घरात रडारड चालली होती, त्यांच्या डोळ्याला मात्र पाणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी कोळशाचा काळा थर पाण्यातून वर आला. कोंडबाने खालून हाक दिली, "दिसला, बाई." तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदा रडल्या.