बाबांनी सपाट केलेलं ग्रीन

माझ्या गोल्फला बाबा आयुष्यभर 'तुझा खेळ' म्हणाले. तेवढं ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मी त्यावर पोट भरत होतो, पण काचीगुड्याच्या आमच्या घरात मी जिंकलेल्या ढाली माळ्यावर होत्या. दिवाणखान्यात बाबांनी रस्ते खात्यात इंजिनियर असताना बांधलेल्या पुलाचा फोटो होता. पुढे माझी पाठ गेली, स्पर्धा सुटल्या आणि मी गोल्फची मैदानं आखायला लागलो. बाबांच्या लेखी त्यानं काही फरक पडला नाही.

देशाचा बाजार परदेशी लोकांना नुकताच खुला झाला होता. शहराबाहेर ज्याची जमीन त्याला गोल्फ कोर्स हवा, आणि तोही परदेशी माणसानं आखलेला. एक बिल्डर मात्र मला म्हणाला, आधी एक ग्रीन करून दाखवा, आवडलं तर सगळा कोर्स तुमचा. ग्रीन म्हणजे झेंड्याच्या भोकाभोवतीची बारीक गवताची जागा. तिथल्या जमिनीला हलके चढउतार द्यायचे, म्हणजे चेंडू वळतो. सगळी मजा त्यातच. मी मातीत गुडघे टेकून ते हातानं घडवले. गवत लावायचं तेवढं राहिलं होतं.

बिल्डर बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मला सणकून ताप भरला. बाबा म्हणाले, "तू पड. साइटवर मी जातो." मी चाटच पडलो. एवढ्या वर्षांत ते माझा एक सामना बघायला आले नव्हते.

सकाळी ताप उतरला तसे आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो. पोचून पाहतो तर चढ नाही, उतार नाही. माझ्या ग्रीनचा कॅरमबोर्ड झाला होता. कडेला रोडरोलर उभा होता.

"मजुरांनी सगळं खालीवर करून ठेवलं होतं," बाबा म्हणाले. "बोलणी तुला बसली असती. मी लेव्हल लावून तपासलंय, सूतभर फरक नाही."

चेहऱ्यावर इतकं समाधान की मला ओरडताही येईना. कसंबसं म्हणालो, "बाबा, ते मजुरांनी नाही, मी केलं होतं. मुद्दाम."

तेवढ्यात बिल्डरची गाडी आली.

तो त्या सपाटीवर इकडून तिकडे फिरला आणि खूश झाला. "एकदम बढिया, साब. सब ऐसाइच कर दो."

काम गेलं म्हणून जीव घाबरा झाला होता, आणि इथे ते पदरात पडत होतं. कोर्सभर अठरा ग्रीन, म्हणजे अठरा कॅरमबोर्ड आणि त्यांवर माझं नाव. हो म्हणून टाकावं असं मनात आलं, खोटं कशाला सांगू.

पण बाबा पुढे झाले. ठेकेदारांशी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "नक्को. ये गलत है. मेरे बेटे का काम था, मैंच बिगाड़ा. पहले था वैसाइच होना."

बिल्डरला खालीवर नको होतं. कोर्स परदेशी माणसाकडे गेला. त्याचा संताप यायला हवा होता, पण 'काम' हा शब्द बाबांच्या तोंडून ऐकून मी बधिर झालो होतो.

घरी आल्यावर त्यांनी स्टूल ओढलं आणि माळ्यावर हात घातला. एकेक ढाल खाली देताना एवढंच म्हणाले, "नीट पूस. धूळ फार बसलीय."