न शोभणारा झेंडू

"उद्या अकराला मेमो सहीला पाहिजे," साहेब म्हणाले आणि फाइल माझ्या अंगावर टाकली.

मी नाशिक रोडच्या एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होतो. मेमो म्हणजे लेखी ठपका. तो आमची टायपिस्ट लता हिच्यावर निघायचा होता. तिचं प्रोबेशन, म्हणजे उमेदवारीचा काळ, आठ दिवसांत संपत होता. आता मेमो म्हणजे घरी जाणं.

गुन्हा काय? ती सकाळी बाजारात वडिलांच्या पाटीमागे बसून झेंडू विकते. साहेबांच्या पत्नीनं तिच्याशीच घासाघीस केली, नंतर ही ऑफिसातली टायपिस्ट हे ओळखलं. साहेबांची पंचाईत झाली.

झेंडू वडिलांच्याच शेतातला, म्हणून खाजगी धंद्याचा नियम लागेना. अशा अडचणीला आमच्याकडे एक इंग्रजी क्रियापद होतं, 'बिफिट'. म्हणजे शोभणं. "हे सरकारी नोकराला बिफिट होत नाही," एवढं लिहिलं की कारण द्यावं लागत नसे. मेमो कुणी लिहीतही नसे. जुना काढायचा, नाव बदलायचं.

मी लताला विचारलं. वडिलांना ती दादा म्हणे. म्हणाली, "दादांचे गुडघे गेलेत, भाऊसाहेब. नवाला उठते मी तिथनं. कधी लेट आले का?"

मस्टर पाहिलं. एकही लेटमार्क नव्हता. नमुन्यासाठी जुन्या फाइली उपसल्या. इंग्रजी अमलातला एक मेमो: कारकून पगडीशिवाय आला, बिफिट होत नाही. दुसरा: साहेब दिसूनही सायकलवरून उतरला नाही. तिसरा अलीकडचा: शिपाई रामभाऊ अनवाणी आला. तोही प्रोबेशनवर होता. नोकरी गेली. मसुद्याखाली सही माझी. ती पाहून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी लताच्या मेमोचा मसुदा केला आणि ते तिन्ही मेमो त्याखाली लावून साहेबांपुढे ठेवले.

साहेबांनी वाचता वाचता स्वतःच्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला. तिसऱ्यापाशी थांबले. "हा तुमचा?"

"माझाच."

"तेव्हा काही वाटलं नाही?"

"नाही साहेब. नुसतं नाव बदललं होतं."

साहेबांनी लताचा मसुदा फाडला. "घरी काय सांगू?"

"झेंडू ताजा होता का, विचारा."

लता कायम झाली. पुढे मी मेमोआधी नेमकं काय बिघडलं ते मराठीत लिहून काढायचो. निम्मे मेमो तिथेच संपायचे. रामभाऊचा मात्र फाइलीत तसाच आहे. रेकॉर्ड फाडता येत नाही.