रांधणारीची वाटी

निर्मलाताई पगारे यांची नि माझी पहिली भेट दिंडोरीला पंचायत समितीच्या सभागृहात झाली आणि त्या पहिल्याच भेटीत मी त्यांच्याशी खोटं बोलले. मी नुकतीच अंगणवाडी सेविका झाले होते. ताई आमच्या बीटच्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका, आमच्या वरिष्ठ. प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला त्यांनी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेकीला उभं करून विचारू लागल्या, "काल काय जेवलात?" माझी पाळी आली तशी मी ठोकून दिलं, "वरण, भात, पोळी, भाजी, कोशिंबीर." ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोशिंबीर कशाची होती?" मी फळ्याकडे पाहिलं. "रोज असते, का पाहुणे आले म्हणजेच?" सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा. स्वतःच्या ताटाबद्दल खोटं बोलाल, तर दुसऱ्याचं ताट तुम्हाला कधीच दिसायचं नाही." मला त्यांचा असा राग आला होता म्हणून सांगू!

ताईंना यंदा पंचाहत्तरावं वर्ष लागलं. आम्ही जुन्या सेविका त्यांच्या नाशिकरोडच्या घरी गेलो आणि गौरवग्रंथाचा विषय काढला, तर त्यांनी सरळ हात जोडले. "ज्या बाईनं सुनंदाला पहिलं बक्षीस दिलं, तिचा कसला सत्कार करता?" सुनंदा माझी धाकटी भावजय. बाळंतपणात गेली, त्याला पुष्कळ वर्षं झाली. ती आपल्या चुकीमुळे गेली असं ताई आजही मानतात. आम्ही फार गळ घातली, तेव्हा एका अटीवर तयार झाल्या. ग्रंथात सुनंदाचं आलं पाहिजे, नाहीतर ग्रंथच नको. आता सुनंदाचं लिहायचं तर माझ्याशिवाय कोण लिहिणार? ताईंच्या मनातली ती चूक मला खोडायची आहे, म्हणून हा लेख.

आधी त्यांच्या कामाबद्दल. आमचा भाग द्राक्षांचा आणि टोमॅटोचा. थंडीत क्रेटवर क्रेट भरून माल बाहेर जातो, आणि ज्या घरातून जातो त्या घरातली पोरं बिस्किटाचा पुडा घेऊन ओट्यावर बसलेली असतात. "विकायचा माल हे, हात नको लावू," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःच्या पोरांना म्हटलंयसुद्धा. टोमॅटोचा भाव पडला की ट्रॉली रस्त्याकडेला ओततील, पण त्यातले चार घरात चिरणार नाहीत. ताई हे सगळं पाहत आणि त्यांचा जीव तळमळे.

त्यांचे उपाय अगदी साधे असत. माप काय, तर आपापली मूठ. लहान पोराला त्याच्या मुठीएवढं, मोठ्याला त्याच्या मुठीएवढं, आणि दिवसभरात अशा पाच मुठी भाज्याफळांच्या पोटात गेल्या पाहिजेत. "काटा नको, चमचा नको, मूठ कुणी घरी विसरून येत नाही." मुळ्याचा, फ्लॉवरचा पाला गुरांपुढे टाकायचा नाही, त्यातला कोवळा आधी घरात घ्यायचा. शेवग्याचा पाला थालीपिठात मळायचा, पालक वरणात ढकलायचा, म्हणजे नाक मुरडणाऱ्याला कळतसुद्धा नाही. दुपारच्या चहाआधी एक पेरू, नाहीतर पपईची फोड, नाहीतर बोरं, जे दारात असेल ते. द्राक्षं खायची तर फवारणी होऊन किती दिवस झाले ते बागवाल्याला विचारून आणि धुऊन खायची. मोसंबी-सफरचंदाचं नाव त्यांनी आमच्यासमोर कधी काढलं नाही. आमच्या गावात ती फक्त आजारी माणसाला भेटायला जाताना घेत.

या सगळ्याला जोड म्हणून त्यांनी परसबागेची स्पर्धा सुरू केली. न्हाणीच्या सांडपाण्यावर मेथी, पालक, चार वांगी, एक दोडक्याचा वेल, एक पपई. ज्या घराची बाग उत्तम त्या घरच्या बाईला बक्षीस. ताई स्वतः एस.टी.नं, जीपनं, नाहीतर पायी येऊन घरोघरी बागा पाहत.

इथं एक गोष्ट लिहावी लागेल आणि ती लिहिताना मान खाली जाते. ताई बौद्ध. आमची घरं स्वतःला वरची समजणारी. गावात त्यांचा मान मोठा, "मॅडम आल्या, मॅडम आल्या" करून खुर्ची मांडत, पण ती ओट्यावर. चहा येई तो वेगळ्या कपात. आत या, असं कुणी म्हणत नसे. परसबागेत जायचं तर घराला वळसा घालून, मागल्या बाजूनं. ताईंनी यावर कधी तोंड वाकडं केलं नाही. वळसा घालत, बाग पाहत, वहीत लिहीत आणि पुढच्या घरी जात.

माझं सासर आणि माहेर दोन्ही ताईंच्याच बीटमध्ये, मध्ये एक ओढा. माहेरच्या गावची सेविका आजारी रजेवर होती म्हणून त्या वर्षी तिथल्या बागा दाखवायला ताईंबरोबर मीच होते. सुनंदाची बाग पाहून ताई जागीच थांबल्या. काय नव्हतं त्या बागेत? मेथीचे वाफे रांगोळीसारखे आखलेले, चाकवत, अंबाडी, लाल माठ, कुंपणाला वाल, कोपऱ्यात पपईची दोन झाडं लगडलेली. सुनंदा पदर खोचून उभी, पाचवा महिना होता, आणि लाजून हसत होती. "आक्का, मॅडमना सांगा ना, हे सगळं मी एकटीनं केलंय." ताईंनी तिला पहिलं बक्षीस दिलं. झाडांना पाणी घालायची झारी होती बक्षिसात. तिचा फोटोही काढला.

चार महिन्यांनी भर दुपारी निरोप आला. सुनंदाला कळा सुरू झाल्या, मुलगी झाली, आणि रक्त थांबेना. जीपमध्ये घालून नाशिकला नेलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या नि मला म्हणाल्या, "हिच्या अंगात आधीपासूनच रक्त नव्हतं. जे थोडं गेलं तेही तिला सोसण्यासारखं नव्हतं. हिला खायला कुणी घालत होतं की नाही?" मी अंगणवाडी सेविका. आणि हे मला विचारलं जात होतं. तासाभरात सुनंदा गेली. मुलगी वाचली. आज ती सिन्नरला कंपनीत आहे.

दहाव्यानंतर ताई आमच्या माहेरी आल्या. ओट्यावरच्या खुर्चीवर बसल्या नाहीत. चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी आईला विचारलं, "सुनंदा काय जेवायची?"

आई म्हणाली, "जे उरंल ते. आमच्यात सून मागून जेवती."

"आणि भाजी उरायची का?"

"बापे जेवले, बागेवरचे गडी जेवले, पोरं जेवली, मंग काय उरतंय बाई? भाकर अन् ठेचा. आम्ही बी तेच खाल्लं. आम्ही काय मेलो का?"

ताई आईच्या समोर जमिनीवर बसल्या. "ज्या मेल्या त्या सांगायला येत नाहीत, मावशी," एवढंच म्हणाल्या. मग दोघीही रडल्या. मी दारात उभी होते, मला रडूही येईना.

ती सोन्यासारखी बाग, तिच्यातलं एक पान सुनंदाच्या पोटात गेलं नव्हतं. पिकवलं तिनं, खुडलं तिनं, शिजवलं तिनं, आणि वाढून झाल्यावर कढई पुसून भाकरी खाल्ली तिनं. लोहाच्या गोळ्या पत्र्याच्या डब्यात तशाच निघाल्या. आणि आम्ही तिला झारी दिली!

त्या दिवसापासून ताईंचं काम बदललं. परसबागेची स्पर्धा त्यांनी बंद केली. बरोब्बर जेवणाच्या वेळेला घरात जायचं आणि पहिली वाटी रांधणारीची काढून, झाकून बाजूला ठेवायला लावायची. मग वाढायला सुरुवात. मालक असो, पाहुणा असो, देवाचा नैवेद्य झाला की पुढची वाटी तिची. गावात गहजब झाला. "लय शाणी लागून गेली," "सुनांना डोक्यावर बसवती," "हिला आत कुणी बोलावलं?" काय काय ऐकलं त्यांनी! एका घरात सासऱ्यानं भरलेलं ताट भिंतीवर भिरकावलं. ताईंच्या साडीवर आमटी उडाली. त्यांनी पदरानं पुसली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच घरी हजर. सलग आठ दिवस गेल्या. नवव्या दिवशी त्या घरची सासू आपणहून म्हणाली, "दोन वाट्या काढ गं, एक माझी बी." ताई मला नंतर जीपमध्ये म्हणाल्या, "सासूला उपदेश कधी करायचा नाही. तीही तितकीच उपाशी असते."

सगळीकडे जमलं असं मी म्हणणार नाही. कितीतरी घरांत ताईंची पाठ वळली की वाटी परत कढईत जाई. अजूनही जाते. परवाच एका तरुण सुनेला मी विचारलं, तर म्हणाली, "आपल्यासाठी आधी काढायला कसंतरीच वाटतं हो." ताईंना हे सांगायला मला जिवावर आलं, पण सांगितलं.

ताई कडक, पण माया मोठी. माझं पिशवीचं ऑपरेशन नाशिकला झालं, तेव्हा बारा दिवस त्या सिटी बसनं डबा घेऊन येत. दुधी, पालकाचं वरण, पपईच्या फोडी. समोर बसून खाऊ घालत, "मूठभर राहिलीय, ती कुणासाठी ठेवली?" म्हणून दटावत. आई माझ्या उशाशी होती. आयुष्यभर ज्या घरचं पाणी तिनं घेतलं नाही, त्या घरची पपई तिनं तिसऱ्या दिवशी हात पुढे करून मागून घेतली.

आता जे लिहायला बसले ते. ताई प्रत्येक प्रशिक्षणात, निवृत्तीच्या भाषणात, परवा सत्काराला नकार देतानाही, सुनंदाची गोष्ट एकाच तऱ्हेनं सांगत आल्या. "मी पानं मोजली, बाईचं ताट पाहिलं नाही. बागेतून परत फिरले. चूक माझी." ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात आणि मी खाली बघते. कारण ही गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी आता ताईंना आणि मला, आम्हा दोघींनाच ठाऊक आहे, आणि ताईंनी ती कुणालाही सांगितली नाही.

त्या दिवशी बागेत ताईंनी सुनंदाचा हात हातात घेतला होता, नखं पाहिली होती, पापणी ओढून पाहिली होती. विचारलं होतं, "भाजी खातेस ना?" ती म्हणाली, "हो, खाते की." ताईंना ते पटलं नाही. माझ्यासारखीनं त्यांना शिकवलं होतं, ताटाबद्दल बायका खोटं बोलतात. त्या म्हणाल्या, "चल, कढई दाखव मला," आणि स्वयंपाकघराच्या मागल्या दाराकडे निघाल्या. आत चुलीपाशी आई बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी पुढे झाले, उंबऱ्यावर उभी राहिले आणि हसून म्हणाले, "ताई, राहू द्या ना, पुढच्या घरी उशीर होईल." ताई थांबल्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय ते त्यांना कळलं, पुरतं कळलं. "बरं," म्हणाल्या आणि वळसा घालून निघून गेल्या. कढईत त्या वेळेला काही नव्हतं. मला ते माहीत होतं. जेवायला मी त्याच घरी होते आणि मेथी दुसऱ्यांदा मागून घेतली होती.

आई आता नाही, म्हणून हे लिहू शकते. यात माझं काही धाडस नाही. ताईंनी मात्र माझी नोकरी, माझं माहेर, गावातलं माझं तोंड, सगळं सांभाळलं आणि दोष स्वतःच्या नावावर घेतला. एकदाही, रागाच्या भरातसुद्धा, "तू अडवलंस" असं म्हणाल्या नाहीत. असं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

ताई, अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. तुमचे गुडघे दुखतात ते थांबोत, डोळे शाबूत राहोत, रोजच्या पाच मुठी तुमच्या पोटात जावोत, आणि तुम्ही आम्हाला अजून खूप वर्षं रागवत राहा. फक्त सुनंदासाठी स्वतःला बोल लावणं आता सोडा. ते माझं काम होतं, आणि इतकी वर्षं ते तुम्ही केलंत.