मुजोर

गफूरचाचांचं नाव आधी लिहिते. ते नसते तर मी माफीच्या कागदावर गुमान सही केली असती आणि पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं.

वालूरजवळची जिनिंग. कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, निवडून काढायचं आमचं काम. सुटी झाली की गेटवर बायांची रांग. मुकादम खुर्चीत. एकेकीनं पुढं जायचं, पदर झटकायचा, कमरेचा खोचा सोडून दाखवायचा. कापूस चोरला नाही म्हणून. बापे बघत उभे. रोज.

त्या दिवशी मालकाचा लेक मोबाईल धरून उभा होता. शूटिंग करत होता. मी थांबले.

"ए, खोचा सोड. तुला येगळं आवतन द्यायचं का?" मुकादम म्हणाला. पोरं हसली.

"आधी फोन बंद करायला सांगा."

"लय मुजोर हाय ही! परमुलखातनं यायचं आन आमालाच शिकवायचं!"

मी खोचा न सोडताच गेटाबाहेर पडले. माझं गाव दूर, सातपुड्यात. सातवीत शाळा सुटली. इथं माझं कुणी नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी कुणी बसेना. मंदाबाई रोज मला लोणच्याची फोड द्यायची. तीसुद्धा सरकून बसली. चार दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

पाचव्या दिवशी मुकादमानं कागद दिला. 'मी मुजोरी केली, माफी असावी.' सही कर, नाहीतर आज खोली खाली कर. खोली जिनिंगचीच होती.

मी गेटपाशी बसले. गफूरचाचा तिथं वॉचमन. आधी सेलूला टांगा चालवायचे. मी विचारलं, "चाचा, मुजोर म्हणजे चोर ना?" मला खरंच तसं वाटायचं.

चाचा हसले. "नई बेटी. मुंहजोर. घोडे को बोलते. लगाम दातां में पकड लेता, फिर कित्ता भी खींचो, सुनताच नई." मग हळूच म्हणाले, "मेरी एक घोडी थी वैसी. भोत मारा मैं उसको."

मी कागदाकडं बघत राहिले. शब्दात चोर नव्हता. लगाम होता. म्हणजे माझ्या तोंडात यांनी तो कधीचाच घातला होता. मी ओढ दिली तेव्हा कुठं तो त्यांच्या हाताला जाणवला.

'माफी असावी' खोडलं. खाली लिहिलं, 'पुन्हा करीन.' पूर्ण नावानं सही केली.

त्याच संध्याकाळी खोली गेली. चाचांनी माझी पेटी उचलून घरी नेली. त्यांच्या सुनेनं काही न विचारता भाकर वाढली. तिसऱ्या दिवशी चाचांना कामावरून काढलं. त्यांनी मला सांगितलं नाही. मला बाजारात कळलं.

आता दुसऱ्या जिनिंगवर आहे. तिथंही रांग आहे. मी पदर झटकत नाही. बाकीच्या लांब उभ्या राहतात. राहू द्या.

चाचांची नात यंदा सातवीत गेली. माझी शाळा जिथं सुटली तिथं तिची सुटणार नाही, मी सुटू देणार नाही. चाचा, तुमचे उपकार मी असे फेडीन.