ठाण्यात येऊन बसणारे कंडक्टरकाका

एसटीत उभी हयात ओरडण्यात गेलेला माणूस इतका गप्प कसा बसू शकतो, हे कोडं आम्हाला कधी सुटलं नाही. दिग्रस-पुसद फेरीत "पुढं सरका, पुढं सरका" करून गाडी दणाणून सोडणारे कंडक्टरकाका पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात आले की भिंतीजवळच्या बाकावर बसायचे आणि दिवस मावळेपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. आत आमच्या बेड्यावरचं कुणीतरी असायचं. ते बाहेर आलं, की काका उठायचे.

बेडा म्हणजे आम्हा पारध्यांची वस्ती. गावाबाहेर, नाल्यापलीकडच्या गायरानात. गावात काहीही चोरीला जावो, कोंबडी असो की मोटारपंप, जीप आधी आमच्याकडे वळायची. काय झालं हे कळण्याआधी कुणाला न्यायचं हे ठरलेलं असायचं. आम्ही पारध्याच्या पोटी जन्मलो, एवढा पुरावा पुरेसा होता.

मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला माझ्या बापाला नेलं. गावातल्या एका शेतातून पंपाची केबल गेली होती. बाप परत आला तेव्हा लंगडत होता. ते लंगडणं पुढे थांबलं. जे थांबलं नाही ते वेगळंच होतं. दाराकडे पाठ करून त्याला जेवता येईना. लांबून गाडीचा आवाज आला तरी तो ताट सोडून बेड्यालगतच्या तुरीच्या शेतात शिरायचा. माय म्हणायची, "मानूस घरी आला, त्याचा जीव तिकडंच राह्यला."

ती केबल दिग्रसच्या एका भंगारवाल्याकडे सापडली. चोर भलतेच निघाले. हे सांगायला ठाण्यातून कुणी आलं नाही. आले ते कंडक्टरकाका. शेत त्यांच्याच घरचं होतं आणि बापाचं नाव सांगणारा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. ड्युटी संपवून ते तसेच आले होते, अंगावर खाकी. ती खाकी लांबून दिसताच बाप तुरीत पळाला. काका त्या हलणाऱ्या तुरीकडे पाहत राहिले. मग मायला म्हणाले, "माह्या घरच्यायनं याचं नाव सांगतलं, बाई. मले उशिरा मालूम पडलं."

"मंग आता कायले आले?" माय म्हणाली.

काका आले तसे परत गेले. त्यानंतर मात्र खाकी घालून ते बेड्यावर कधीच आले नाहीत. कितीही थकलेले असोत, आधी घरी जाऊन सदरा बदलायचे.

पुढच्या चोरीला माझ्या मामाला नेलं. काका रजा टाकून ठाण्यात जाऊन बसले. जमादारानं विचारलं, "हा तुमचा कोन लागते?"

"कोनी नाई."

"मंग काहून बसले?"

"हा सुटते तोवर बसतो. माहं काई काम अडून नाई राह्यलं."

एवढंच. भांडण नाही, ओळख काढणं नाही. पण शेतीवाडीवाला, नोकरीतला, गावात मान असलेला माणूस डोळ्यांसमोर बसून असला की आतला हात उचलताना अडखळतो. काकांना ते ठाऊक होतं. जातीनं फुकट मिळालेलं आपलं वजन त्यांनी त्या बाकावर आणून ठेवलं होतं. संध्याकाळी मामा बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर वळ नव्हता. असं आमच्याकडे पहिल्यांदाच झालं होतं.

तरी काका काही देवमाणूस नव्हते. एका झेंडावंदनाला ते मोठ्या हौसेनं बापाला शाळेत घेऊन गेले. त्याच्या हातात नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, "हा मानूस पारधी हाय, पन एकदम इमानदार हाय." टाळ्या पडल्या. बाप मान खाली घालून उभा होता. दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा माय चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "भाऊ, तुमच्या भावाची ओळख करून देता, तवा मधात 'पन' घालता का?"

"बाई, माह्या मनात तसं..." म्हणता म्हणता काका थांबले. "चुकलं," ते म्हणाले. "मले दिसलंच नाई."

त्यांनी पुन्हा कधी कुणाचा सत्कार ठरवला नाही. काही करावंसं वाटलं की आधी मायला विचारायचे. ती नाही म्हणाली, तर नाही.

बापाला पुसदच्या डॉक्टरांकडे न्यायचं हेही मायनंच सांगितलं. मनाचं दुखणं बघणारे डॉक्टर. सुटीच्या दिवशी काका त्याला एसटीत दाराजवळच्या सीटवर बसवायचे, जीव घाबरला तर उतरता यावं म्हणून. कितीदा तरी बाप अर्ध्या वाटेत उतरला. काकाही उतरायचे. "मागच्या गाडीनं जाऊ. गाड्या येतच राह्यते," असं म्हणून रस्त्याच्या कडेला त्याच्याजवळ उभे राहायचे. हळूहळू बापाला झोप लागायला लागली. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. जीपच्या आवाजाला आजही त्याचा घास थांबतो. फक्त आता तो पळत नाही.

गावानं याची किंमत काकांकडून वसूल केली. भावानं वाटणी मागून घराच्या मधोमध भिंत घातली. लग्नाच्या पंगतीत काकांच्या शेजारचं पान रिकामं राहू लागलं. मग त्यांच्या मुलीची, वर्षाताईची, ठरलेली सोयरीक मोडली. तिचा बाप पारध्यांच्या घरी जेवतो, ही बातमी पाहुण्यांपर्यंत गावातल्याच कुणीतरी पोचवली होती. काका आमच्याकडे याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. आम्हाला ते बाजारात कळलं.

गेल्या वर्षी काका हृदयविकारानं अचानक गेले. मी आता पुसदला शाळेत शिकवते; निरोप मिळताच आले. सगळा बेडा अंत्ययात्रेला निघाला होता. काकांच्या भावानं आम्हाला वाटेत अडवलं. "तुमी तिकडंच थांबा. आज तमाशा नोको." आम्ही शेताच्या बांधावर थांबलो. तिथून धूर दिसला. काका दिसले नाहीत.

तेरवी झाल्यावर एका दुपारी वर्षाताई एकटीच बेड्यावर आली. लग्न मोडल्यापासून ती काकांशी बोलत नव्हती. शेवटपर्यंत बोलली नाही. हे तिनंच सांगितलं. मायनं तिला चहा दिला. तिनं कप दोन्ही हातांनी धरून ठेवला, आणि मग निवलेला चहा सगळा प्याली.

बाप तिच्या समोर येऊन बसला. "पोरी, तुह्यं लगन आमच्यापायी मोडलं. ते आमाले भरून देता येत नाई."

वर्षाताईनं मान हलवली. "तुमच्यापायी नाई मोडलं, काका. गावापायी मोडलं. बाबा होते तवाच मले हे समजाले पायजे होतं."

ती रडायला लागली. माय तिच्याजवळ सरकली. रडू नको, असं तिला कुणी म्हणालं नाही.